अफगाणिस्तान, तालिबान आणि बाहेरचे हात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१५ ऑगस्ट २०२१ला काबूल तालिबानच्या हाती गेलं. तेव्हापासून वाचक जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. काही लांब आहेत, काही दोन ओळींची. २०२५अखेरपर्यंतच्या घडामोडी धरल्या आहेत.

तीन लाखांचं सैन्य दहा दिवसांत कसं कोसळलं?

तीन लाख हा आकडा हजेरीपटावरचा होता. त्यात पगार उचलण्यापुरतीच नावं असलेले शिपाई होते; ते जमिनीवर कधी नव्हतेच. जे खरोखर होते ते शेकडो लहान चौक्यांत विखुरलेले होते. रस्ते तालिबानच्या ताब्यात असल्याने त्या चौक्यांना पाणी, पीठ आणि काडतुसं हेलिकॉप्टरनेच पोचायची.

ती हेलिकॉप्टरं उडती ठेवणं हे काम अफगाण हवाई दल करत नव्हतं, परदेशी कंत्राटी तंत्रज्ञ करत होते. अमेरिकी सैन्यापाठोपाठ तेही गेले आणि दुरुस्ती व्हिडिओ कॉलवरून सांगायची वेळ आली. विमानं जमिनीला खिळली, चौक्यांचा पुरवठा तुटला. जखमींना हलवता येईना. पगार थकलेले होतेच. अशा वेळी गावातले वडीलधारे तालिबानचा निरोप घेऊन येत: हत्यारं ठेवा, घरी जा, वाटखर्चाला पैसे घ्या. बहुतेक चौक्या लढून पडल्या नाहीत, अशा बोलण्यांतून पडल्या.

काबूलजवळचा बगरामचा हवाई तळ अमेरिकेने जुलैच्या सुरुवातीला रात्रीतून रिकामा केला. ते गेल्यानंतर दोन तासांहून अधिक वेळाने आपल्याला कळलं, असं तिथल्या नव्या अफगाण कमांडरने पत्रकारांना सांगितलं. अशी बातमी ऐकल्यावर हेलमंदच्या एखाद्या चौकीतल्या शिपायाने काय ठरवलं असेल, हे वेगळं सांगायला नको. ६ ऑगस्टला निमरोझ प्रांताची राजधानी झरंज पडली. भारताने बांधलेला झरंज–देलाराम रस्ता जिथे सुरू होतो तेच हे गाव. नवव्या दिवशी अध्यक्ष अश्रफ घनी देश सोडून गेले.

दोहा करारात नेमकं काय ठरलं होतं?

२९ फेब्रुवारी २०२०ला कतारमध्ये अमेरिकेतर्फे झल्मय खलीलझाद आणि तालिबानतर्फे मुल्ला अब्दुल गनी बरादर यांनी सह्या केल्या. अमेरिका व मित्रदेशांचं सैन्य १४ महिन्यांत, म्हणजे १ मे २०२१पर्यंत जाणार. अल कायदासारख्यांना अमेरिकेविरुद्ध अफगाण भूमी वापरू देणार नाही, ही तालिबानची हमी. काबूल सरकारच्या तुरुंगातले ५,००० तालिबानी कैदी सुटणार, बदल्यात तालिबान १,००० सोडणार.

खरी मेख इथे आहे: ज्या सरकारने ५,००० कैदी सोडायचे ते सरकार करारात पक्षकारच नव्हतं. परदेशी सैनिकांवरचे हल्ले थांबले, अफगाण सैनिकांवरचे नाहीत. जो बायडेन यांनी मुदत आधी ११ सप्टेंबर आणि मग ३१ ऑगस्टवर नेली; पण जाणं नक्की आहे हे फेब्रुवारी २०२०लाच सगळ्यांना कळलं होतं. त्यानंतरचे १८ महिने प्रत्येक प्रांतात 'उद्या कोणाशी जमवून घ्यायचं' याचाच हिशोब चालू होता.

रशियन गेल्यावर नजीबुल्ला तीन वर्षं टिकला. घनी का नाही?

सोव्हिएत सैन्य १५ फेब्रुवारी १९८९ला आमू नदी ओलांडून परत गेलं. सोव्हिएतांविरुद्ध लढलेल्या मुजाहिदीनांनी लगेच जलालाबादवर जोर लावला, तिथे मॉस्कोच्या पाठिंब्यावर राज्य करणाऱ्या अध्यक्ष नजीबुल्लाच्या सैन्याने त्यांना परतवलं. कारण सैनिक गेले तरी इंधन, क्षेपणास्त्रं, धान्य आणि रोकड मॉस्कोहून येतच होती. १९९१च्या शेवटी सोव्हिएत संघच संपला, रसद थांबली, उत्तरेतला सरदार दोस्तम याच्या फौजेने बाजू बदलली आणि एप्रिल १९९२मध्ये सरकार गेलं.

घनी तर शेवटचं अमेरिकी विमान उडायच्या आधीच गेले. दोन्ही उदाहरणं शेजारी ठेवली की दिसतं: बाहेरून उभं केलेलं सरकार परकी सैनिक गेल्याने पडत नाही, रसद आटल्याने पडतं. २०२१मध्ये अमेरिकेचा पैसा कागदावर चालूच राहणार होता. पण तो वापरात आणणारी माणसं आणि यंत्रं निघून गेली होती.

अफगाणिस्तान 'साम्राज्यांचं स्मशान' आहे, हे खरं ना?

टाळ्यांचं वाक्य आहे, उपयोगाचं नाही. मराठी वाचकाला तरी हे कळायला हवं. ज्याने पानिपतावर १७६१ साली आपल्याला धुळीला मिळवलं त्या अहमदशहा अब्दालीने कंदाहारहून साम्राज्यच उभं केलं होतं. बखरींतला 'गिलचा' हा शब्दही तिथल्या गिलजाई टोळीवरून आलेला. तालिबानचा संस्थापक मुल्ला ओमर त्याच गिलजाईंपैकी होतक शाखेचा. देश जिंकणं तिथे फारसं अवघड गेलेलं नाही. इंग्रजांनी १८३९मध्ये, सोव्हिएतांनी १९७९मध्ये आणि अमेरिकेने २००१मध्ये काबूल फार लवकर घेतलं. त्यानंतर राज्य चालवायचा खर्च कोणी आणि किती वर्षं द्यायचा, या प्रश्नाशी तिघेही अडले.

आता सत्ता कोणाकडे आहे, काबूलकडे की कंदाहारकडे?

कंदाहारकडे. हैबतुल्ला अखुंदजादा २०१६पासून तालिबानचे अमीर आहेत. ते कंदाहारमध्ये असतात, लोकांसमोर फारसे येत नाहीत आणि फर्मानं काढतात. काबूलमध्ये पंतप्रधान मुल्ला हसन अखुंद, गृहमंत्री सिराजुद्दीन हक्कानी, संरक्षणमंत्री मुल्ला याकूब (मुल्ला ओमरचे चिरंजीव) आणि परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्तकी. परदेशी पाहुण्यांशी बोलतात ते काबूलवाले, आणि ऐन वेळी निर्णय फिरवतात ते कंदाहारवाले.

याचं ढळढळीत उदाहरण २३ मार्च २०२२चं. शिक्षण मंत्रालयाने मुलींच्या माध्यमिक शाळा उघडायची घोषणा केली होती, मुली दप्तरं घेऊन वर्गात पोचल्याही होत्या. काही तासांत कंदाहारहून आदेश आला आणि त्यांना घरी पाठवलं गेलं. दुसरं सप्टेंबर २०२५अखेरचं: देशभरचं इंटरनेट दोन दिवस बंद पडलं. बँका, विमानं, मदतसंस्था, सगळंच ठप्प.

तेव्हा 'तालिबानच्या मंत्र्याने आश्वासन दिलं' अशी बातमी वाचली की पहिला प्रश्न हा विचारावा: कंदाहारचं फर्मान निघालं का?

मान्यता मिळाली की नाही? रशियाने दिली, भारताने दूतावास उघडला, मग उरलं काय?

इथे तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते.

पहिली, औपचारिक मान्यता. ती आजवर फक्त रशियाने दिली आहे, जुलै २०२५मध्ये. (१९९६नंतरच्या पहिल्या तालिबान राजवटीला पाकिस्तान, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिराती अशा तिघांनी दिली होती.)

दुसरी, संबंध. मान्यता न देताही राजदूत घेता येतो, दूतावास चालवता येतो. चीनने जानेवारी २०२४मध्ये तालिबानच्या राजदूताची अधिकारपत्रं स्वीकारली. भारताने ऑगस्ट २०२१मध्ये काबूलहून सगळे अधिकारी परत आणले, जून २०२२मध्ये 'तांत्रिक पथक' पाठवलं आणि ऑक्टोबर २०२५मध्ये त्याला पुन्हा दूतावासाचा दर्जा दिला. मान्यतेचा शब्द मात्र दिल्लीने उच्चारलेला नाही.

तिसरी, संयुक्त राष्ट्रांतली खुर्ची. तिथे अजून पडलेल्या प्रजासत्ताकाचाच प्रतिनिधी बसतो, कारण अधिकारपत्रं तपासणारी समिती दर वर्षी निर्णय पुढे ढकलते. क्रिकेटमध्येही तसंच. ७ नोव्हेंबर २०२३ला वानखेडेवर मॅक्सवेलने नाबाद २०१ ठोकले तो अफगाण संघ जुन्या प्रजासत्ताकाच्या तिरंगी झेंड्याखाली खेळत होता, आणि काबूलमध्ये मात्र तालिबानचा पांढरा झेंडा.

अफगाणिस्तानचे गोठवलेले पैसे कुठे आहेत?

मध्यवर्ती बँकेचा, म्हणजे 'द अफगाणिस्तान बँके'चा सुमारे ९ अब्ज डॉलरचा साठा परदेशात होता. त्यातले जवळपास ७ अब्ज न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हमध्ये. काबूल पडताच ते गोठवले गेले. फेब्रुवारी २०२२मध्ये बायडेन यांनी त्यांचे दोन भाग केले. निम्मे ३.५ अब्ज ११ सप्टेंबरच्या हल्ल्यातल्या पीडितांच्या दाव्यांमुळे न्यायालयात अडकले. तालिबानकडून येणं असलेली भरपाई अफगाण जनतेच्या बँकेतून वसूल करता येणार नाही, असा निकाल न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी २०२३मध्ये दिला. उरलेले ३.५ अब्ज सप्टेंबर २०२२मध्ये स्वित्झर्लंडमधल्या 'अफगाण फंडा'त गेले. खातं बाझेलला आहे, विश्वस्त नेमलेले आहेत, व्याज साठतं आहे. काबूलला परत गेलेलं नाही.

आमच्या मते शेवटचं अमेरिकी विमान उडालं त्या ३० ऑगस्ट २०२१ला बाहेरचा हस्तक्षेप संपलाच नाही. बंदूक गेली, तिजोरीची किल्ली तिथेच राहिली. त्या किल्लीने तालिबानला वाकवता येईल असा हिशोब होता. पण साठा गोठवल्याचा पहिला मार बसला तो बँकेबाहेर रांगेत उभ्या असलेल्या मास्तरला आणि नर्सला. ऑगस्ट २०२१अखेर आठवड्याला २०० डॉलर किंवा २०,००० अफगाणी एवढंच काढता येत होतं.

काबूलला विमानाने डॉलरच्या नोटा जातात हे खरं का?

खरं आहे, आणि हे लपवलेलंही नाही. डिसेंबर २०२१पासून संयुक्त राष्ट्रं हे करत आली, कारण परदेशी बँका अफगाण बँकांशी व्यवहार करायला धजेनात. प्रवास असा:

देणगीदार देश संयुक्त राष्ट्रांच्या खात्यात पैसे भरतात. त्यातून नोटा विकत घेतल्या जातात. एका खेपेला साधारण ४ कोटी डॉलर. विमान काबूलला उतरतं, नोटा खासगी बँकेत संयुक्त राष्ट्रांच्याच खात्यांवर जमा होतात. तिथून मदतसंस्था पगार देतात, धान्य आणि औषधांची बिलं भागवतात. ज्याला डॉलर मिळाला तो शेवटी सराय शहजाद्याला जातो. काबूलचा हा जुना चलनबाजार, जिथल्या दलालाला आजही 'सराफ' म्हणतात. तिथे डॉलर मोडून अफगाणी घेतले जातात.

यात बिघडतं कुठे? एक, पैसे तालिबानच्या हातात थेट पडत नाहीत, पण डॉलर बाजारात आले की अफगाणीचा भाव टिकतो आणि त्याचं श्रेय सरकार घेतं. दोन, अमेरिकेच्या अर्थखात्याने फेब्रुवारी २०२२मध्ये व्यापाराला परवानगी देणारा सर्वसाधारण परवाना काढला, तरी बँका घाबरूनच राहिल्या. कायद्याने परवानगी असलेला व्यवहारही 'नको ती कटकट' म्हणून नाकारला जातो. तीन, सगळा डोलारा देणगीवर आहे. २०२५मध्ये अमेरिकेने मदत जवळपास बंद केली आणि शेकडो आरोग्य केंद्रांना कुलूप लागलं.

२०२१पूर्वी सरकारी खर्चाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग परदेशी मदतीतून भागायचा. ती थांबल्याने अर्थव्यवस्था दोन वर्षांत सुमारे एक चतुर्थांशाने आक्रसली. कमी नोकऱ्या आणि स्वस्त पीठ एकाच वेळी, असं चित्र पुढे दिसलं. ते स्थैर्य नाही, लोकांकडे खरेदीला पैसेच नाहीत याची खूण आहे.

निर्बंधांमुळे अन्नधान्य अडतं का?

थेट नाही. डिसेंबर २०२१मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव २६१५ करून मानवतावादी मदतीला सूट दिली. निर्बंध व्यक्तींवर आहेत: संपत्ती गोठवणं, प्रवासबंदी. म्हणूनच मुत्तकींना ऑक्टोबर २०२५मध्ये दिल्लीला यायला सुरक्षा परिषदेच्या समितीची खास परवानगी लागली.

मुलींच्या शिक्षणावर नेमकी बंदी काय आहे?

सहावीपुढे शाळा नाही. डिसेंबर २०२२पासून विद्यापीठं बंद. त्याच महिन्यात बिगरसरकारी संस्थांत आणि एप्रिल २०२३मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कचेऱ्यांत अफगाण बायकांच्या नोकरीवर बंदी. डिसेंबर २०२४मध्ये सुईणी आणि नर्स घडवणाऱ्या वैद्यकीय संस्थांचेही दरवाजे बंद झाले. ऑगस्ट २०२४च्या ३५ कलमी 'सदाचार' कायद्याने तर बाईचा आवाजही झाकण्याची वस्तू ठरवली.

वैद्यकीय संस्थांचे दरवाजे बंद करण्याचा निर्णय सर्वांत घातक, तो का ते समजून घ्यायला हवं. अनेक ठिकाणी बाईला पुरुष डॉक्टरने तपासणं चालत नाही. नव्या सुईणी तयार होणार नाहीत, जुन्या निवृत्त होतील किंवा देश सोडतील. म्हणजे काही वर्षांत बाळंतपणाला कोणी उरणार नाही. हा फटका धान्याच्या पोत्याने भरून निघत नाही. मदतवाटपातही तेच. विधवेच्या घरात जाऊन यादी करायला बाईच लागते. ती नसेल तर ते घर यादीतून गळतं. ऑगस्ट २०२५मध्ये कुनारला भूकंप झाला तेव्हा ढिगाऱ्याखालच्या बायकांपर्यंत पोचताना हीच अडचण आली.

जुलै २०२५मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने अखुंदजादा आणि सरन्यायाधीश अब्दुल हकीम हक्कानी यांच्यावर स्त्रियांच्या छळाबद्दल अटक वॉरंट काढलं. अटक होण्याची शक्यता आज दिसत नाही. न्यायालयाचे सदस्य असलेल्या देशांत जाणं मात्र धोक्याचं झालं.

तालिबानने अफू खरंच बंद केली?

हो, आणि ज्यांना वाटलं होतं की हे नुसतं बोलणं आहे ते चुकले. बंदीचा हुकूम एप्रिल २०२२चा. संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीनुसार २०२२मध्ये २,३३,००० हेक्टरवर खसखशीची लागवड होती, २०२३मध्ये १०,८०० हेक्टर. म्हणजे ९५ टक्के घट. वीस वर्षांत अमेरिका आणि ब्रिटनला पैसे ओतून जे जमलं नाही ते एका फर्मानाने झालं.

पण शेतकऱ्याचं काय? अफूतून त्यांना मिळणारं उत्पन्न २०२२मध्ये १.३६ अब्ज डॉलर होतं, पुढच्या वर्षी ११ कोटी. खसखशीच्या जागी गहू आला. गव्हातून तेवढे पैसे सुटत नाहीत, आणि अफूच्या लागणीवर घेतलेलं कर्ज तसंच राहतं. ज्यांच्याकडे सुकी अफू साठवलेली होती, म्हणजे मोठे जमीनदार आणि व्यापारी, त्यांची चांदी झाली कारण भाव कैक पटींनी चढले. कूळ आणि मजूर कोरडे राहिले. बदख्शानमध्ये मे २०२४मध्ये पीक नष्ट करायला आलेल्या पथकांविरुद्ध लोक रस्त्यावर आले, माणसं मेली.

पाकिस्ताननेच तालिबानला पोसलं, मग आता भांडण कशाचं?

सप्टेंबर २०२१मध्ये आयएसआयचे प्रमुख फैज हमीद काबूलच्या हॉटेलात हातात चहाचा कप घेऊन 'सगळं ठीक होईल' म्हणाले होते. चार वर्षांनी, ऑक्टोबर २०२५मध्ये, दोन्ही देशांचं सैन्य सीमेवर उघड लढत होतं आणि कतार व तुर्कस्तानने मध्यस्थी करून दोहाला युद्धविराम घडवला.

भांडणाची मुळं दोन. एक, इंग्रजांच्या काळात आखलेली १८९३ची ड्युरंड रेषा. पाकिस्तान झाल्यापासून तिला काबूलच्या कुठल्याच सरकारने, तालिबाननेही, सीमा म्हणून मान्य केलेलं नाही. दुसरं, पाकिस्तान सरकारविरुद्ध लढणारी तहरीक-ए-तालिबान पाकिस्तान ही संघटना. अमेरिकेविरुद्ध खांद्याला खांदा लावून लढलेल्या या पाहुण्यांना हाकलणं अफगाण तालिबानला परवडत नाही. हाकललं तर ते इस्लामिक स्टेटच्या खोरासान शाखेकडे जातील ही भीतीही आहेच. पाकिस्तान मग दोन हत्यारं वापरतो: हवाई हल्ले आणि निर्वासितांची परतपाठवणी. नोव्हेंबर २०२३पासून लाखो अफगाणांना तोरखम आणि चमन या सीमानाक्यांवरून परत धाडलं गेलं. २०२५मध्ये इराणनेही दहा लाखांहून अधिक लोक परत पाठवले. देणगी आटत असतानाच ही माणसं परतली.

परकी सैन्य पुन्हा येईल का?

डोनाल्ड ट्रम्प यांनी सप्टेंबर २०२५मध्ये बगराम परत मागितला, तालिबानने साफ नकार दिला, आणि भारत, रशिया, चीन, पाकिस्तान हे एरवी एकमेकांशी न पटणारेही तळाच्या विरोधात एका सुरात बोलले. समुद्र नसलेल्या देशात तळ चालवायचा तर शेजाऱ्याच्या देशातून जायला वाट हवी. ती देणारा आज कोणी नाही. ड्रोनची गोष्ट वेगळी: अल कायदाचा अयमान अल जवाहिरी ३१ जुलै २०२२ला खुद्द काबूलमध्ये असाच मारला गेला.

महाराष्ट्राशी याचा संबंध काय?

पुण्यात अनेक वर्षं अफगाण विद्यार्थी मोठ्या संख्येने शिकत आलेत. २५ ऑगस्ट २०२१ला भारताने देशाबाहेरच्या अफगाणांचे आधी दिलेले सगळे व्हिसा रद्द करून फक्त ई-व्हिसा ठेवला. सुट्टीला घरी गेलेले विद्यार्थी तिकडेच अडकले. दिल्लीचा जुना अफगाण दूतावास नोव्हेंबर २०२३मध्ये बंद पडला, आणि नोव्हेंबर २०२४मध्ये तालिबानने मुंबईच्या वाणिज्य दूतावासात आपला माणूस नेमला. भारतातली तालिबानची ही पहिली नेमणूक.

दुसरा धागा स्वयंपाकघरातला. फोडणीतल्या हिंगाचा कच्चा डिंक मुख्यतः अफगाणिस्तानातून येतो. इथले कारखाने त्यात पीठ आणि खायचा डिंक मिसळून तो वापरण्याजोगा करतात. अंजीर, जर्दाळू, मनुकाही तिकडच्या. हा माल ट्रकने तोरखम, मग अटारी असा यायचा. वाट एकेरी: अफगाण माल भारतात येऊ शकतो, भारतीय माल पाकिस्तानातून जाऊ देत नाहीत. म्हणून ५०,००० टन गहू द्यायचं ठरल्यावरही पहिले ट्रक निघायला २२ फेब्रुवारी २०२२ उजाडली. पहलगामच्या हल्ल्यानंतर अटारी बंद झाल्यावर मे २०२५मध्ये भारताने १६० अफगाण ट्रकना अपवाद म्हणून आत घेतलं. ऑक्टोबरच्या लढाईनंतर तोरखमही बंद झालं. उरले इराणचं चाबहार बंदर आणि विमान. दोन्ही महाग, आणि चाबहारवर अमेरिकी निर्बंधांची टांगती तलवार.

पुढे काय होईल?

तालिबान लवकर पडेल असं दिसत नाही. पंजशीर खोऱ्यातला तालिबानविरोधी प्रतिकार सप्टेंबर २०२१मध्येच मोडला, त्याचे नेते अहमद मसूद यांची आघाडी छापे घालते, पण तिच्या ताब्यात एकही शहर नाही आणि तिला पैसा पुरवायला कुठलाही शेजारी तयार नाही. राजवटीची तिजोरी मुख्यतः सीमाशुल्क आणि करांवर चालते, म्हणजे सीमानाकी बंद झाली की थेट खिसा रिकामा होतो.

लक्ष ठेवायचं असेल तर मोठ्या परिषदांपेक्षा चार गोष्टींकडे ठेवा: तोरखम आणि चमन उघडं आहे का, सराय शहजाद्यात डॉलरला किती अफगाणी पडतात, कंदाहारला अखुंदजादांनंतर कोण, या चर्चेत सिराजुद्दीन हक्कानींचं नाव वर सरकतंय की खाली, आणि आमू नदीतून पाणी वळवणारा २८५ किलोमीटरचा कोश तेपा कालवा किती पुढे गेला. तो पूर्ण झाला की उझबेकिस्तान आणि तुर्कमेनिस्तानच्या कापसाचं पाणी घटणार आहे. तिथले अधिकारी तालिबानशी आत्तापासूनच गोड बोलतात, त्यामागे हाच कालवा आहे.